खाटाईची सुईण

“मग मी काय दगडाची व्हते का रे? बत्तीस वर्सं दिवा लावला, तवा एकानं म्हणलं न्हाई, झुंबरला सोडा म्हणून. आता बायकोवर आलं की लगेच तोंड फुटलं तुला?”

“माय, ती सोनपेठला दवाखान्यात नर्स हाय. रोज दिवस मावळायच्या आत इथं कशी येईल? उडत?”

“मग सोडू दे नोकरी.”

“हे तू बोलायलीस का आजी बोलायली?”

“दोघी बी बोलायलो,” दाराजवळ बाजेवर बसलेल्या पार्वतीबाई म्हणाल्या. “उद्या कोजागिरी. उद्या सुनंची ओटी भरायची अन् दिवा तिच्या हातात द्यायचा. लग्नाचं वर्स सरायच्या आत द्यावा लागतो. तुझ्या मायला मी दिला, मला माझ्या सासूनं दिला.”

“अन् तुझ्या सासूला? खुद्द खाटाईनं?”

“जिभेला हाड असू दे, ओमप्रकाश,” ओमप्रकाशचे वडील राधाकिशन गुरव म्हणाले. चहापासून चाललेल्या भांडणात ते पहिल्यांदाच बोलले होते. मग पुन्हा अडकित्ता घेऊन सुपारी कातरू लागले.

जिच्यावरून हे सगळं चाललं होतं ती राजनंदिनी चुलीपाशी मेथी निवडत बसली होती. लग्नाला पाच महिने झालेले. दोन दिवसांची रजा टाकून ती सणाला आली होती. सकाळपासून तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. ओमप्रकाश तिच्या बाजूनं भांडत होता, पण त्यानंही विचारलं नव्हतं.

“माय, तुला बी कळतंय, हे बरोबर न्हाई,” तो आवाज उतरवून म्हणाला.

“मला एवढंच कळतंय,” झुंबरबाई म्हणाल्या, “की उद्या मी सुटायलेय.”

हे वाक्य त्यांनी इतक्या मोठ्यानं म्हणायचं ठरवलं नव्हतं. राधाकिशनरावांचा अडकित्ता थांबला. राजनंदिनीनं पहिल्यांदा मान वर करून सासूकडं पाहिलं. झुंबरबाई पाण्याची घागर उचलून बाहेर गेल्या. घागर भरलेली होती. ती ओतून देऊन त्यांनी पुन्हा हापशावर रांग धरली.

जिंतूर तालुक्यातलं ते गाव डोंगराच्या पोटाशी आहे. गावामागं बासष्ट पायऱ्या चढल्या की काळ्या खडकात कोरलेलं छोटं लेणं लागतं. पुढं दोन खांबांची ओसरी, त्यातला एक खांब अर्ध्यावर तुटलेला. आत तीन खोल्या. दोन खोल्यांत वटवाघळं. तिसऱ्या खोलीत भिंतीतच कोरलेला एक लांबट दगडी ओटा, त्याच्या एका टोकाला उशीसारखा उंचवटा. मूर्ती नाही. त्या उशीवर शेंदूर आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा, बोट रुतेल एवढा जाड. ही खाटाईची खाट. पोटुशी असताना नवऱ्यानं हाकललेली देवी या खोलीत बाळंत व्हायला आली. गुरवाच्या घरची बाई तिच्याजवळ सुईण म्हणून बसली. ती बाई दिव्याचं तेल आणायला खाली घरी आली, तेवढ्यात वर दिवा विझला. परतून बघते तर खाट रिकामी. बाळंतिणीला अंधारात एकटं टाकलं म्हणून देवी निघून गेली. ती येईपर्यंत गुरवाच्या थोरल्या सुनेनं तिथं दिवा जागता ठेवायचा. दिवस मावळायच्या आत तेल घालून वात पेटवायची. बाळंतिणीच्या खोलीत गडीमाणसानं पाय ठेवायचा नाही. आणि सुईणीनं गावाच्या शिवेबाहेर रात्र काढायची नाही, कारण देवी कधी परतेल त्याचा नेम नाही.

झुंबरबाई एकोणीस वर्षांच्या असताना चुडाव्याहून इथं लग्न होऊन आल्या. चुडावा म्हणजे रेल्वेच्या रुळाकडेचं गाव. त्यांचे वडील स्टेशनासमोर भजी तळायचे. लहानपणी झुंबर गाडीच्या आवाजावर वेळ सांगायची. आल्या वर्षीच सासूनं दिवा हातात दिला तेव्हा तिला मान वाटला होता. गावातल्या म्हाताऱ्या बाया पाया पडायच्या. बाळंतपणाआधी आजूबाजूच्या गावच्या पोरी यायच्या, तिच्या हातून उशीचा शेंदूर कपाळाला लावून घ्यायच्या. नीट मोकळ्या झाल्या की खण नारळ घेऊन परत यायच्या.

मग पहिलं बाळंतपण आलं. पहिलटकरणीनं माहेरी जायचं, पण सुईणीला शीव बंद. झुंबरची आईच पितळी डब्यात डिंकाचे लाडू घेऊन व्याह्यांच्या घरी येऊन राहिली, दीड महिना, पाहुण्या घरात अवघडून. धाकट्या बहिणीचं लग्न चुडाव्याला झालं तेव्हा झुंबरबाई पहाटेच्या एसटीनं जिंतूर, तिथून परभणी, तिथून रेल्वेनं चुडावा अशा गेल्या, अक्षता टाकल्या आणि पंगतीला न बसता परतल्या. बहीण आजही म्हणते, अक्काच्या हातात माझ्या लग्नात पिशवी होती, आहेर ठेवायला सुद्धा खाली ठेवली नाही. अडचणीच्या चार दिवसांत सासू दिवा लावायची, पण त्या दिवसांतही शिवेबाहेर रात्र काढायची सोय नव्हती. आजारी असली तरी सुईण गावात पाहिजे. सासूचे गुडघे गेले तोवर झुंबरबाईंची अडचणही संपली होती, आणि मग वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस त्यांचेच झाले.

आठ वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली. एकवीस दिवस. झुंबरबाई तीनदा जाऊन आल्या. दर वेळी तिथं तास-दीड तास मिळायचा. आई म्हणायची, “राहत न्हाईस का गं आज?” त्या म्हणायच्या, “पुढच्या खेपी राहते.” बाविसाव्या दिवशी दुपारी निरोप आला. त्या निघाल्या असत्या तर परत यायला गाडी नव्हती. मातीला गेल्या नाहीत. त्या संध्याकाळी बासष्ट पायऱ्या चढून त्यांनी वात पेटवली आणि ओसरीत बसून राहिल्या. रडल्या का, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

लेण्यात दुसरीही माणसं यायची. दर वैशाखी पौर्णिमेला पूर्णेकडून पांढऱ्या कपड्यांतली पंधरा-वीस माणसं यायची, ओसरीत बसून वंदना म्हणायची, मेणबत्त्या लावायची. राधाकिशनराव त्यांना पाणी द्यायचे, वाद घालायचे नाहीत. झुंबरबाईंना ती एका सुरातली वंदना आवडायची. त्यांच्यातल्या सुमनबाई नावाच्या एका शिक्षिकेनं एकदा सांगितलं होतं, “ताई, हे भिक्खूंचं घर आहे. ते पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचे. बाकी वर्षभर चालत असायचे.”

“अन् दिवा?”

“दिवा मालवून जायचे.”

झुंबरबाई हसल्या होत्या. घरी येऊन नवऱ्याला विचारलं, तर ते म्हणाले, “ज्याचा देव त्याच्यापाशी. आपल्याला काय करायचं?” ते त्यांना पटलं. नवऱ्याच्या तोंडून त्यांनी कधी खोटं ऐकलं नव्हतं.

सून बघायला ताडकळसला गेले तेव्हाही झुंबरबाई घरीच होत्या. फोटो बघून हो म्हणाल्या. पोरगी नर्स आहे हे कळल्यावर पार्वतीबाई नाराज झाल्या, पण झुंबरबाईंनीच जोर लावला. का, ते त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. लग्न लवकर झालं की दिवा लवकर जाईल, एवढंच डोक्यात होतं.

दुपारची जेवणं झाली. चार वाजता त्यांनी तेलाची बाटली घेतली.

“नंदिनी, चल. कसं करायचं ते दाखवते.”

ओमप्रकाश उठला. झुंबरबाई म्हणाल्या, “तू बस. तुला आत येता येत न्हाई.”

दोघी पायऱ्या चढू लागल्या. खाली अंगणाअंगणांत सोयाबीन वाळत पडलं होतं. अर्ध्यावर राजनंदिनी म्हणाली, “आत्या, तुमचा श्वास लागतोय. बसा थोडं.”

“सवय हाय.”

“सवय असल्यावर लागत नसतो.”

झुंबरबाई बसल्या. पोरीचं बोलणं सरळ होतं, त्यात टोमणा नव्हता. तेच त्यांना टोचलं.

आत खोलीत शिरायला वाकावं लागतं. झुंबरबाईंनी दाराच्या बाजूच्या भिंतीतल्या चौकोनी भोकातून काडेपेटी काढली. पावसाळ्यातही ती तिथं कोरडी राहायची, म्हणून बत्तीस वर्षं काडेपेटीची जागा तीच. मग उशाजवळच्या कोनाड्यातला दिवा काढून पुसायचा कसा, रात्रभर पुरायला तेल किती, वात किती बोटं, ते त्या सांगू लागल्या. राजनंदिनी ऐकत होती, पण तिची नजर ओट्यावर होती.

“आत्या, बाळंतीण इथं झोपायची?”

“मंग?”

राजनंदिनी ओट्यापाशी गेली. हातानं त्याची रुंदी मोजली. “तीन विती सुद्धा नाही. तिन्ही बाजूंनी भिंत. पायाशी पण भिंत.” ती झुंबरबाईंकडं वळली. “सुईण उभी कुठं राहणार?”

“म्हंजे?”

“म्हणजे मी असते तर कुठं उभी राहिले असते? पायाकडून जागा पाहिजे ना. मी महिन्याला वीस-पंचवीस बाळंतपणं करते, आत्या. इथं बाईला पाय मुडपता सुद्धा येणार नाहीत.” आणि झुंबरबाई काही बोलायच्या आत ती त्या ओट्यावर सरळ आडवी झाली.

“उठ! उठ आदी! येडी हायस का?”

“बघा ना. कूस बदलता येत नाही. एकट्या माणसानं उताणं झोपायची जागा आहे ही.” ती उठून बसली, ओट्यावरून पाय खाली सोडून. “आणि हे तुमचं काडेपेटीचं भोक. ते दाराच्या अडसराचं आहे. इथं वर-खाली दार फिरायच्या खाचा पण आहेत. अडसर आतून होता.”

झुंबरबाईंनी उंबऱ्यातल्या गोल खाचेकडं पाहिलं. रोज तिच्यावर पाय देऊन त्या आत यायच्या. दार होतं, हे कधी मनातच आलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, ही खोली अशीच उघडी असते.

“देवाचं काय बी असू शकतं,” त्या म्हणाल्या.

“असू शकतं,” राजनंदिनी म्हणाली. “मी देवीला नाही म्हणत नाही. तुम्ही म्हणाल तर मी उद्या ओटी पण घेईन. फक्त मला एकदा खरं सांगा. मी दिवा घेतल्यावर तुम्ही कुठं जाणार आहात?”

या प्रश्नाचं उत्तर झुंबरबाईंनी किती वर्षं घोकलं होतं. चुडाव्याला जाणार, आईपाशी चार रात्री राहणार. आई गेल्यावरही उत्तर बदललं नव्हतं. ज्या पोरीच्या गळ्यात हे घालून जायचं, तीच समोर पाय लोंबकळत ठेवून विचारत होती. त्यांनी वात पेटवली.

“चल. अंधार व्हायच्या आत उतरू.”

रात्रीचं जेवण घरात लवकरच असतं. पार्वतीबाई बाजेवर ताट घेऊन, बापलेक खाली पाटावर. झुंबरबाई भाकरी थापत होत्या, राजनंदिनी वाढत होती. ओमप्रकाशनं सकाळचं पुन्हा काढलं नव्हतं, पण भाकरी मोडायचा आवाज मोठा होता.

“दाखवलं का सगळं सुनंला?” पार्वतीबाईंनी विचारलं.

“दाखवलं.”

“काय म्हणली?”

झुंबरबाई तव्याकडं बघत म्हणाल्या, “म्हणली, ही बाळंतिणीची खाट न्हाई. एकट्या माणसाची हाय. सुईणीला उभं राहायला जागा न्हाई म्हणली.”

ओमप्रकाश हसला. राधाकिशनराव पण हसले, कौतुकानं, वाटीतलं ताक पिता पिता. “हुशार हाय पोरगी. ते मापं घेणारे साहेब बी हेच म्हणले होते.”

“कोण साहेब?”

“अगं ते, टेप घेऊन आलते न्हाई का. ओम पंधरा वर्सांचा असंल. तू ताक दिलं नव्हतं का त्यान्ला?”

झुंबरबाईंना आठवलं. तीन माणसं, टोप्या घातलेली, त्यातल्या एकाला उन्हानं चक्कर आली होती. त्यांनी कांदा फोडून हुंगायला दिला होता.

“काय म्हणले व्हते ते?”

आपण काय बोलून गेलो ते राधाकिशनरावांच्या आता लक्षात आलं. त्यांनी वाटी खाली ठेवली. “हेच की. साधूंची राहायची जागा हाय, झोपायचा ओटा हाय. बाळंतपणाचं काई न्हाई म्हणून. कागद बी दिला व्हता कसला.”

“तुमी मला सांगितलं न्हाई.”

“सांगून काय करायचं व्हतं? बाया इमानानं येतात, त्यान्ला बरं वाटतं, कुणाचं काय बिघडायलंय? साधूची असली म्हणून दिवा लावू न्हाई का तिथं?”

“लावावा की.” झुंबरबाईंचा आवाज चढला नाही. तव्यावरची भाकरी त्यांनी उलटली. “पण मग तिथं गडीमाणूस जाऊ शकत व्हता.”

त्यांनी पुढच्या भाकरीचा गोळा हातात घेतला.

“बाळंतिणीची खोली म्हणून तुमाला बंदी व्हती. साधूच्या खोलीला कशाची बंदी? बारा वर्सं तुमाला ठावं व्हतं, की तुमाला बी दिवा लावता येतो.”

“झुंबर, रीत अशी एकदम—” राधाकिशनराव म्हणाले.

“माझी माय एकवीस दिवस पडून व्हती. आठ वर्सांमागं. तवा ठावं व्हतं तुमाला.”

“मला तसं कधी डोक्यातच आलं न्हाई गं,” ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. बायकोच्या आईचं आजारपण आणि तो कागद या दोन गोष्टी त्यांच्या मनात कधी शेजारी आल्याच नव्हत्या. खरं असल्यानं ते जास्त वाईट होतं.

“त्याला काऊन बोलतीस?” बाजेवरून पार्वतीबाई म्हणाल्या. “मला सांगितलं व्हतं त्यानं. मीच म्हणलं, गप ऱ्हा.”

झुंबरबाई वळल्या. म्हातारी ताटात बघत होती.

“आत्याबाई, तुमी?”

“मग काय करू? चोवीस वर्सं मी लावला. माझा भाऊ मेला तवा मी गेले न्हाई. लेक झाली, माहेर बघितलं न्हाई. अन् एका दुपारी टेप घेऊन तीन पोरं येतात अन् म्हणतात तसलं काईच नव्हतं. मग माझी जिंदगी कशात गेली गं? सांग की.” तिचे ओठ हलत राहिले. “तू लावत व्हतीस तवर ते खरं व्हतं.”

राजनंदिनी पळीतली आमटी तशीच धरून उभी होती. ओमप्रकाशनं आजीच्या हातातलं ताट घेतलं आणि बाजेखाली ठेवलं.

झुंबरबाईंना सासूचा राग यायला हवा होता, पण तो नीट येईना. त्यांना एकच दिसत होतं. उद्या ही पोरगी दिवा घेईल. पुढच्या वर्षी तिला दिवस जातील, आणि ताडकळसहून तिची आई डबा घेऊन इथं येऊन राहील. आणि वीस-पंचवीस वर्षांनी हीच पोरगी चुलीपाशी बसून कुणाला तरी म्हणेल, मग मी काय दगडाची होते का. सकाळी हे वाक्य आपल्याच तोंडून किती सहज आलं होतं.

शेवटची भाकरी करपली. त्यांनी ती उतरवली, तवा खाली ठेवला, हात धुतले आणि पदराला पुसले.

“उद्या ओटी भरायची न्हाई,” त्या म्हणाल्या.

“पौर्णिमा टळली तर—” पार्वतीबाई म्हणाल्या.

“टळू द्या. नंदिनी दिवा घेणार न्हाई. परवा सकाळी तिची सातची गाडी हाय, तिच्यासंगं मी सोनपेठला चाललेय. तिच्या खोलीवर राहीन. किती दिवस, ते ठरवलं न्हाई.”

“अन् दिवा?” राधाकिशनरावांनी विचारलं.

“दिवा तुमी लावायचा.”